गाडी टायर खाते तेव्हा

गव्हाण या शब्दाचा अर्थ शहरात वाढलेल्या मुलांना आता समजावून सांगावा लागतो. गोठ्यात गुरांच्या पुढ्यात चारा टाकण्यासाठी जी जागा केलेली असते, ती गव्हाण. मी राहतो ते पनवेल तालुक्यातलं गाव याच नावाचं. गावाच्या नावावरून गोष्ट रचायचा कवीचा मोह मी आवरतो, पण एवढं सांगतो की आमच्याकडे आता गुरं कमी आणि गाड्या फार. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि उरणचा रस्ता कंटेनरनं भरून गेला. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापायला घेतली, तेव्हा डंपरची रांग लागली. या गाड्या डिझेल पितात हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्या टायर खातात, हे फक्त मालकाला माहीत असतं.

माझा मामेभाऊ असाच एक मालक. मालक म्हणजे काय, तर हप्ता भरणारा. त्याच्याकडे दहा चाकांचा एक हायवा आहे. आधी टेकडीचा दगड वाहिला, आता खडी वाहतो. गाडीला कंपनीचे टायर होते १०.००-२०, नायलॉनचे. कुणीतरी त्याला सांगितलं की एक नंबर मोठा टायर घाल, गाडी उंच राहील, खड्ड्यात आपटणार नाही, वजन आरामात पेलेल. यानं आधी मागचे आठ टायर ११.००-२० रेडियल केले आणि दोन महिन्यांनी पुढचे दोनही केले. एका टायरला वीस हजारांच्या वर पैसे पडतात, तेव्हा हा व्यवहार किती मोठा ते तुमच्या लक्षात येईल. आणि तीन महिन्यांत पुढचा डावा टायर एका बाजूनं गोटा झाला.

तो दोन ठिकाणी अलाइनमेंट करून आला. पहिल्या ठिकाणी एकानं फूटपट्टी लावून टाय रॉड फिरवला. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, त्यांनी रंगीत कागद छापून दिला. कागदावरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे पास. तरी गाडी डावीकडे ओढतच होती आणि टायर खातच होती. मला कागद दाखवत तो म्हणाला, "भाईजान, तुम्ही शिकलेले. यात चूक कुठे आहे ते सांगा." मी बी.ए. मराठी. पण त्या कागदानं मला कामाला लावलं आणि मी त्याच्याबरोबर एका उस्तादाकडे गेलो. पुढे जे सांगणार आहे, ते बरंचसं त्या दिवशी पाहिलेलं आणि नंतर वाचून ताडून घेतलेलं आहे.

आधी टायरवरचे आकडे. १०.००-२० मधला दहा म्हणजे टायरची रुंदी, साधारण दहा इंच. वीस म्हणजे आतल्या रिमचा व्यास, वीस इंच. रिम तीच राहते, पण रुंदी वाढली की टायर उंचही होतो. १०.०० चा रेडियल टायर साधारण साडेएकशेपाच सेंटिमीटर उंच असतो, ११.०० चा साडेएकशेआठ. फरक जेमतेम तीन सेंटिमीटर. मला वाटलं, एवढ्याशा फरकानं काय होणार? काही गोष्टी सरळ होतात. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणून काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी बासष्टच्या जवळ असते. एक्सलपासून रस्ता लांब गेला, म्हणजे तरफेचा दांडा लांबला. तेच ब्रेक मारायला आता जास्त जोर लागतो. बोरघाट उतरताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पण काही गोष्टी आडून होतात आणि आमचा टायर त्या आडच्या गोष्टी खात होत्या.

अलाइनमेंट म्हणजे चाकं एका ओळीत आणणं, असं आपण ढोबळमानानं म्हणतो. त्यात तीन कोन असतात. पहिला टो. माणूस पावलं आत वळवून चालतो किंवा फाकवून चालतो, तशी पुढची दोन चाकं वरून पाहिल्यावर समोर जवळ येतात की लांब जातात, हा टो. दुसरा कँबर. पुढून पाहिल्यावर चाक सरळ उभं आहे की वरून आत किंवा बाहेर कललेलं आहे. तिसरा कास्टर आणि तो सायकलवरून चटकन कळतो. सायकलचा पुढचा चिमटा सरळ खाली येत नाही, वरून मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. ट्रकचं चाक ज्या किंगपिनभोवती वळतं, ती किंगपिनही अशीच वरून मागे कललेली असते. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, ते या कलामुळे.

जड ट्रकच्या पुढे एकच आडवा लोखंडी बीम असतो. कँबर आणि किंगपिनचा कल त्या बीममध्ये घडवूनच आलेला असतो. फिरवता येतो तो फक्त टो, टाय रॉडनं. म्हणून रस्त्याकडेला ज्याला अलाइनमेंट म्हणतात ते बहुतेक वेळा टो सेट करणंच असतं. तिथे चूक झाली तर किती महाग पडते, त्याचा हिशेब शाळेतला आहे. चाक ज्या दिशेनं जायला हवं त्यापासून एका मीटरला एक मिलिमीटर तिरकं असेल, तर एक किलोमीटर धावताना ते एक मीटर आडवं घासलं जातं. दोन मिलिमीटर तिरकं असेल तर दोन मीटर. शंभर किलोमीटरची फेरी केली की दोनशे मीटर टायर आडवा ओढत नेला म्हणायचा, तोही वर टनांचं ओझं ठेवून.

हे घासणं बोटाला कळतं. उस्तादानं माझा हात धरून टायरवर आडवा फिरवला. बाहेरून आत नेला तर गुळगुळीत. आतून बाहेर आणला तर नक्ष्यांच्या कडा करवतीसारख्या लागल्या. असं लागलं की टो समजायचा. एकच बाजू सरसकट झिजली तर कँबर किंवा ढिली किंगपिन. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मधलाच पट्टा गेला, तर हवा जास्त. जागोजागी वाट्या पडल्या तर बॅलन्सिंग, शॉक अॅब्सॉर्बर नाहीतर बेअरिंग. टायर स्वतःचा आजार अंगावर लिहून ठेवतो. आमच्या टायरवर करवतही होती आणि एक बाजूही झिजलेली होती.

मोठ्या टायरमुळे यात काय बदलतं? टोचा आकडा मिलिमीटरमध्ये सांगतात, आणि मिलिमीटर कुठे मोजले यावर सगळं अवलंबून असतं. कोन तोच ठेवून मोठ्या टायरच्या कडेला मोजलं तर आकडा थोडा मोठा येतो. दहावरून अकरावर जाताना हा फरक केसाएवढा आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण टायरची फुगलेली कडा फूटपट्टीच्या आड येते म्हणून कुणी रिमच्या काठावर मोजलं, तर? रिमचा व्यास सुमारे एक्कावन्न सेंटिमीटर, टायरच्या निम्म्याहून कमी. टायरवरचे तीन मिलिमीटर म्हणजे रिमवर दीडही नाहीत. पहिल्या माणसानं रिमवर मोजून तीन भरवले होते, म्हणजे दुपटीहून जास्त टो घातला. शिवाय तीन हा आकडाही त्याच्या डोक्यात नायलॉनच्या दिवसांपासून बसलेला. रेडियल टायरला टो कमी लागतो, शून्याच्या जवळचा. नायलॉन टायर असली चूक बरीच सोसतो, रेडियल लगेच करवत काढून दाखवतो. म्हणून मोठा टायर घालून नेताना दोन गोष्टी विचाराव्यात: आकडा कोणत्या टायरचा आहे आणि मोजताय कुठे? अंशात मोजणारं मशीन असेल तर पहिली भानगड उरत नाही, मात्र त्याचा चिमटा मोठ्या चाकावर नीट बसला पाहिजे.

दुसरी आडची गोष्ट कास्टरची. ट्रकचा मागचा भाग ओझं वाहतो, म्हणून बरेच मालक मोठे टायर आधी मागेच घालतात. माझ्या भावानं तेच केलं होतं. मागचा एक्सल दीड सेंटिमीटर वर गेला, गाडी नाकावर झुकली आणि किंगपिनचा मागचा कल पाव अंशानं कमी झाला. ९.०० वरून ११.०० वर उडी मारली तर हा फरक अर्ध्या अंशाच्या घरात जातो. सगळा कल मुळात दोन-चार अंशांचा, त्यात हा कमी झाला की गाडी रस्त्यावर नागमोडी जायला लागते आणि ड्रायव्हर सतत स्टिअरिंग सावरत बसतो. गाडी तशीच चालवायची असेल तर पाटे आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कल परत आणावा लागतो. त्या दोन महिन्यांत भाऊ समजत होता की ड्रायव्हरला गाडी नीट चालवता येत नाही. त्याला बोलणीही खावी लागली. पुढेही मोठे टायर घातले तेव्हा तेवढा दोष गेला, पण गाडी डावीकडे ओढायची राहिली.

आता उस्तादाकडचा तो दिवस. माणूस आजमगढकडचा, केस पिकलेले. दोरी, खडू, टेप आणि एक लांब खिळा, एवढंच त्याच्या हाताशी. मशीन नव्हतं असं नाही, कोपऱ्यात होतं. त्यानं पुढच्या चाकांकडे पाहिलंच नाही. सरळ मागे गेला. म्हणाला, "पहले पीछे देखो. आगेवाला तो बेचारा भुगत रहा है." मला आमचे गझलेचे उस्ताद आठवले. शेर दाखवला की ते आधी दुसरी ओळ वाचायचे, पहिली नंतर.

त्यानं सगळ्या टायरांची हवा तपासून सारखी केली. हवा सारखी नसेल तर पुढचं सगळं मोजणं खोटं ठरतं. मग मागच्या जोडटायरांमध्ये हात घातला. दहाच्या रिमवर अकराचे टायर बसतात, पण दोन टायरांमधली फट अरुंद होते. ओझं पडलं की खालचे फुगवटे एकमेकांना टेकतात, घासतात, तापतात. आमच्या दोन जोड्यांवर घासल्याच्या चकाकत्या रेघा होत्या. ही गोष्ट कुठल्याच अलाइनमेंटच्या कागदावर येत नाही.

नंतर त्यानं मधल्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर मोजलं, डाव्या बाजूला हबच्या मध्यापासून हबच्या मध्यापर्यंत आणि तसंच उजव्या बाजूला. दोन्ही अंतरं सारखी हवीत, फार तर तीन मिलिमीटरचा फरक चालतो. आमच्यात फरक नऊ मिलिमीटरचा निघाला. मागचा एक्सल चासीशी काटकोनात होता, मधल्याचं उजवं टोक मागे सरकलं होतं. आडवं अंतर साधारण एक मीटर ऐंशी सेंटिमीटर धरलं, तर हा तिरपेपणा मीटरला पाच मिलिमीटर. म्हणजे मधली चार चाकं किलोमीटरला पाच मीटर उजवीकडे जायला बघतात आणि मागची चार सरळ. दोघांची ओढाताण चालू, आणि गाडीचं ढुंगण उजवीकडे ढकललं गेलं की नाक डावीकडे जाणारच. ड्रायव्हर दिवसभर स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरून बसलेला. लातूरकडचा पोरगा, रात्री खांद्याला मलम लावून झोपायचा आणि कुणाला सांगत नव्हता. लोक म्हणत होते, रस्त्याचाच उतार डावीकडे असतो. असतो खरा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून फुगवटा देऊन बांधलेला असतो आणि आपण डावीकडून चालतो. म्हणूनच ही चूक इतके दिवस लपली.

एक्सल सरकला कशानं? त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचे बुश मेले होते. मोठा टायर, लांबलेली तरफ, त्यात खदानीतलं वजन. प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक गिअरला त्या रबरावर जास्त मार बसत होता. मशीनवाल्यानं फक्त पुढची दोन चाकं मोजली होती. पुढची दोन चाकं एकमेकांशी बरोबरच होती. हिरवा कागद खोटा नव्हता, अर्धा होता. स्टिअरिंग वाकडं दिसतं म्हणून त्यानं ड्रॅग लिंक फिरवून ते सरळ करून दिलं होतं, म्हणजे लक्षण पुसलं.

बुश नवे बसवले, शिम घालून एक्सल काटकोनात आणला. मग पुढे. किंगपिन हलवून पाहिली, हबचं बेअरिंग पाहिलं, टाय रॉडचे दोन्ही सांधे पाहिले. एक सांधा ढिला होता, बदलला. ढिल्या सांध्यावर केलेला टो गॅरेजच्या दारापर्यंत टिकतो. बीम वाकलेला नाही याची खात्री केली. इथे एक धोक्याची गोष्ट सांगायला हवी. ओझ्यानं बीम वाकतो, कँबर बिघडतो, तेव्हा रस्त्याकडेला काही जण गॅसच्या ज्योतीनं बीम लाल करून सरळ करून देतात. तसं कधीही करू देऊ नये. बीमचं पोलाद उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेलं असतं. ते पुन्हा तापलं की नरम पडतं, आणि नरम बीम कुठे तुटेल ते सांगता येत नाही. थंड बीम जॅकच्या दाबानं सरळ करतात, ते जाणत्यानं आणि मर्यादेतच. नाहीतर बदलावा.

टो त्यानं जुन्या पद्धतीनं करून दाखवला, मुद्दाम माझ्यासाठी. चाक जॅकवर उचललं, हातानं गरगर फिरवलं आणि खिळा टायरच्या मध्यावर टेकवून धरला. टायरभोवती एक बारीक सरळ रेघ उमटली. दुसऱ्या चाकावर तशीच. गाडी खाली सोडून थोडी पुढे ढकलली, पाटे आपल्या जागी बसावेत म्हणून. हबच्या उंचीवर पुढच्या बाजूनं दोन रेघांमधलं अंतर मोजलं, तिथे खडूनं खूण केली. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतकी गाडी पुढे घेतली, खडूची खूण मागे गेली. तिथे पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा तीच खूण, त्यामुळे टायर थोडा वाकडातिकडा असला तरी मापात येत नाही. दोन मापांतला फरक म्हणजे टो. नंतर गाडी मशीनवर चढवली. मशीननं तेच सांगितलं. उस्ताद काही बोलला नाही, पण बिडी पेटवली.

शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिलं. वळणावर आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, कारण त्याचा फेर लहान असतो. ही युक्ती मोटारीहून जुनी आहे. म्युनिकच्या गेऑर्ग लँकेन्स्पर्गरनं ती घोडागाडीसाठी काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमाननं तिचं पेटंट घेतलं; नाव आकरमानचंच राहिलं. तिच्यात आमच्या गाडीला दोष नव्हता. दोष वेगळाच निघाला. पूर्ण वळवल्यावर डाव्या टायरची आतली भिंत पाट्याला टेकत होती आणि तिथे रबर कापलं गेलं होतं. मोठा टायर रुंद असतो, त्याला वळायला जागा कमी पडते. वळण अडवणारा स्टॉपर बोल्ट थोडा बाहेर काढून वळण आवरलं. गाडीला आता वळायला मोठी जागा लागेल, पण घाटात पुढचा टायर फुटण्यापेक्षा ते बरं.

मग मोकळ्या सपाट रस्त्यावर चाचणी. जाताना एक आणि येताना एक, कारण एकाच बाजूनं पाहिलं तर रस्त्याचा उतार आणि गाडीचा दोष वेगळे करता येत नाहीत. ड्रायव्हरनं क्षणभर स्टिअरिंगवरून हात उचलले. गाडी सरळ गेली. तो हसला आणि खांदा चोळत म्हणाला, "हलकी झाली."

हौशी मंडळींसाठी एक गोष्ट. हल्ली तरुण मुलं जीपला मोठाले टायर घालून ती उंच करतात. ज्या जीपला पुढे प्रत्येक चाकाचं वेगळं सस्पेन्शन असतं, तिथे उंची वाढवताच कँबर आणि टो दोन्ही बदलतात, म्हणून टायर घातल्याच दिवशी अलाइनमेंट करून घ्यावी. रुंद रिमनं चाक बाहेर आलं असेल तर खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देतं. तो दोष कुठलंही अलाइनमेंट काढू शकत नाही.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाच्या विरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली. कंपनीनं त्या मॉडेलला जो टायर मान्य केला आहे तोच घालावा. नाहीतर अपघातानंतर विम्याच्या दारात उभं राहावं लागतं. मोठ्या टायरनं गाडीची वजन उचलायची परवानगी वाढत नाही. एक्सल तेच, पाटे तेच, ब्रेक तेच. उस्तादानं भावाला हेच सांगितलं: हे टायर झिजेपर्यंत चालव, खदानीत वजन आवर, जोडटायरांची फट रोज बघ आणि पुढच्या वेळी पुस्तकातला नंबर घाल.

भावाला हे पटायला वेळ लागला. पैसे गेलेले असतात, तेव्हा चूक कबूल करणं दुप्पट महाग वाटतं. झिजलेला डावा टायर काढून नवा घ्यावा लागला, तो मात्र अकराचाच, कारण एका एक्सलवर दोन उंचीचे टायर चालत नाहीत. दीड महिन्यानं तो गव्हाणला घरी आला, गाडी रस्त्यावर लावून. मी खाली गेलो आणि पुढच्या टायरवर हात आडवा फिरवला, बाहेरून आत आणि मग आतून बाहेर. दोन्हीकडून गुळगुळीत. तोवर ड्रायव्हर मागच्या जोडटायरांच्या मध्ये टॉर्च मारून अडकलेली खडी काढत बसला होता.